वॉल्टचा तवा, आईचा डबा

त्या काळी अमेरिकेतली आमच्या ओळखीची झाडून सगळी मराठी माणसं सुट्टीत धबधबा बघायला जायची. नेपरव्हिलचे मामा जाऊन आले, पिस्कॅटवेचे बाबांचे मित्र दोनदा जाऊन आले. प्रत्येकाच्या अल्बममध्ये तोच प्लास्टिकचा रेनकोट आणि मागे तेच पाणी, नुसते चेहरे बदलायचे. आम्ही मात्र अशा ठिकाणी जायचो जिथे पावसाचा थेंब पडण्याआधी चारदा विचार करायचा आणि बहुतेक वेळा परत जायचा. बाबा नेवाडातल्या एका तांबं वितळवण्याच्या कारखान्यात धातुशास्त्रज्ञ होते. गाव एवढंसं की एकुलता एक सिग्नल लाल झाला की लोक गाडीतून उतरून एकमेकांची खुशाली विचारून घ्यायचे. सगळ्यात जवळचं मराठी घर पाच तासांच्या ड्राइव्हवर होतं, आणि आमच्याकडे यायचं म्हटलं की त्यांच्यातलंही कुणीतरी आजारी पडायचं. फोन वाजला की बाबा ‘हॅलो’ न म्हणता ‘जय भीम’ म्हणायचे. पलीकडे बहुतेक वेळा कारखान्याचा फोरमन असायचा. सहा महिन्यांत तोही तसंच म्हणायला लागला.

मी दहा वर्षांची असताना नागपूरहून तिथे आले. मराठी चौथीपर्यंतचं, इंग्रजी शून्य. पाच वर्षांत हिशोब उलटा झाला. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि आई ते ऐकूच आलं नाही असं दाखवायची. आता मी साठीला टेकले आहे आणि हे लिहीत असताना ती पलीकडच्या खोलीतून विचारते, “माझ्याबद्दल खोटं तर नाही ना लिहून राहिली?” मी ‘नो’ म्हणते. काही प्रतिसाद येत नाही. तिला आता खरंच ऐकू येत नाही की अजून दाखवतेच आहे, हे कळायला मार्ग नाही.

तर आमची गाडी. चारही चाकांनी ओढणारी, तिसऱ्या मालकाकडून आलेली, रंग मूळचा कोणता हे तिलाही आठवत नसावं. आम्ही तिला म्हैस म्हणायचो. चढावर ती मध्येच थांबून रवंथ करायची आणि उतारावर तिला अचानक घरची ओढ लागायची. शुक्रवारी बाबा कारखान्यातून आले की तिच्यात पाण्याचे कॅन, फावडं, फळ्या, दोन जादा टायर आणि उरलेल्या जागेत आम्ही, अशी भरती व्हायची. आईचं सामान वेगळं: कणीक, तुरीची डाळ, वांगी, लसूण, जवसाची चटणी. जवस आणि मसाले मामा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून वर्षातून एकदा खोकंभर पाठवायचे. ते खोकं फोडायच्या दिवशी बाबा सुट्टी काढायचे, असं मी म्हणते आणि आई नाही म्हणते. डांबरी रस्ता संपून वाळू लागली की बाबा खाली उतरून, गुडघ्यांवर बसून, एकेका टायरची हवा कमी करायचे. मऊ टायर वाळूवर पसरतो, रुतत नाही. हे काम ते इतक्या हळुवारपणे करायचे की मला वाटायचं आता टायरला जीभ दाखवायला सांगतील.

तिथून केबिनपर्यंत बावीस मैल. त्याला आमचे चार तास लागायचे आणि एकदा तर इतका वेळ लागला की मी निघताना नववीत होते आणि पोचल्यावर दहावीत. केबिन म्हणजे खाणवाल्यांनी कधीकाळी रेल्वेच्या लाकडी स्लीपरांची बांधलेली एक खोली. वर पत्रा, आत तेलाच्या पिंपाची केलेली शेगडी, दोन खाटा, उंदरांचं एक सुखवस्तू कुटुंब, आणि खिळ्याला तारेने टांगलेली एक वही. दाराला कुलूप नाही. आलात की बाहेरच्या खांबावर झेंडा चढवायचा म्हणजे दुसऱ्याला कळतं केबिन भरलेली आहे. जाताना झेंडा उतरवायचा, पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची आणि शेल्फवर एखादा खाण्याचा डबा ठेवायचा. तो अडचणीत सापडलेल्या माणसासाठी. हे सगळं गावच्या पेट्रोलपंपावरच्या म्हाताऱ्याने बाबांना सांगितलं. बाबांनी विचारलं, केबिन कुणाची? म्हणाला, कुणाचीच नाही. मग राहायला कोण जाऊ शकतं? म्हणाला, जो जाईल तो. पलीकडच्या झऱ्याचं पाणी? म्हणाला, जो पिईल त्याचं. बाबांनी हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि घरी येऊन आईला चौथ्यांदा सांगितलं. मला तेव्हा त्यात एवढं काय आहे ते कळलं नव्हतं.

केबिनवर आई जी खुलायची ती गावात कधी खुलली नाही. कारण शेण. त्या मुलखात गाई मोकाट चरतात आणि उन्हाने शेणाच्या आपोआप गोवऱ्या होतात. पहिल्यांदा तिने ते बघितलं तेव्हा पदर खोचून अशी धावली की बाबांना वाटलं साप दिसला. गोवऱ्यांचा जाळ करून, निखाऱ्यांत कणकेचे गोळे पुरून तिने रोडगे केले, आणि शेगडीवर वांग्याची भाजी. निखाऱ्यातून काढलेला रोडगा झटकून फोडला की आतून जी वाफ येते तिच्या वासाने त्या दिवशी समोरच्या टेकडीवर अकरा कोल्हे ओळीने येऊन बसले. आईला विचारलंत तर ती दोन सांगेल. तिची पाठ होती तिकडे.

आणि त्याच पहिल्या मुक्कामात बाबांच्या हातून ते घडलं. घरी ज्यांनी कधी आपला चहाचा कप विसळला नव्हता त्या बाबांना केबिनमध्ये मदत करायची लहर आली. शेगडीमागे खिळ्याला एक बिडाचा खोलगट तवा टांगलेला होता, काळाकुट्ट. बाबांनी तो खाली घेतला, झऱ्यावर नेला आणि वाळू, राख आणि अर्धी बाटली व्हिनेगर घालून दीड तास घासला. परत आणला तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. “धातू कसा धातूसारखा दिसला पाहिजे,” म्हणाले. आईने तव्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. माझ्या आईचं न बोलणं तुम्ही ऐकलेलं नाही.

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो तर वहीत आमच्यासाठी मजकूर होता. पेन्सिलने, मोठ्या अक्षरांत. मला तो अजून पाठ आहे. “ज्या कुणी तवा घासला त्याला: त्या तव्यात तीस वर्षांची चरबी मुरली होती. माझी बायको माझ्याजवळ टिकली त्याच्या दुप्पट. आता त्यात अंडं असं चिकटतं की छिन्नी लागते. तू कोण आहेस मला माहीत नाही, पण तुझ्या आईने तुला फार स्वच्छ वाढवलं. वॉल्ट.” बाबांनी ते वाचलं, वही पुन्हा खिळ्याला टांगली आणि वर्गात शिकवावं तसं मला सांगू लागले की तेलाचा तो थर खरं तर बिडाचं संरक्षण करतो, तो तापून तापून घट्ट बसतो, घासायचा नसतो. “यू न्यू दॅट?” मी विचारलं. “आता आठवलं,” बाबा म्हणाले.

उत्तर आईने सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, चूक माझी आहे, मी तवा घासला. मी पेन्सिल थांबवली. बाबांनी घासला होता. “तू लिही ना,” आई म्हणाली. “त्यायले कायले पुढे करतं? तो माणूस बंदूक घेऊन आला तर बाईले काही करणार नाही.” मग दोन दिवस तिने त्या तव्याची सेवा केली. कांदा अर्धा कापून तेलात बुडवायचा, तापल्या तव्यावर फिरवायचा, निवू द्यायचा, पुन्हा तेच. आम्ही निघालो तेव्हा तवा जरा सावळा झाला होता. आणि शेजारी तिने एका निळ्या कॉफीच्या डब्यात बेसनाचे लाडू भरून, वर फडकं बांधून ठेवले.

पुढच्या खेपेला डबा जागेवरच होता. आईच्या फडक्याऐवजी जुन्या निळ्या पँटची फाडलेली चिंधी, तिला एक विचित्र दुहेरी गाठ, आणि आत काठोकाठ चिलगोजे, तिकडच्या पाइनच्या झाडांच्या बिया. वहीत एवढंच: “तवा सुधारतो आहे. ते पिवळे गोळे काय होते? सांगू नका.” आईने ती गाठ बराच वेळ तशीच ठेवली. मग सोडली, आणि दोन चिलगोजे तोंडात टाकून म्हणाली, “माणूस रीतीचा दिसून राहिला.”

ह्याला दोन वर्षं होत आली तरी आम्ही वॉल्टला पाहिलं नव्हतं. तो खिंडीपलीकडे, आठ मैलांवर, एका जुन्या ट्रेलरमध्ये दोन गाढवं घेऊन राहतो, एवढं पेट्रोलपंपावर कळलं होतं. केबिनवर तो मधल्या वारी यायचा, कारण शनिवार-रविवार तिथे गर्दी असते असं त्याचं म्हणणं. गर्दी म्हणजे आम्ही तिघं. पण डबा मात्र न चुकता यायचा-जायचा. शंकरपाळ्या गेल्या, सुकवलेले जर्दाळू आले. चकल्या गेल्या, फिरोज्याचे तीन खडे आले. जवसाची चटणी गेली तेव्हा वहीत मजकूर आला: “काळी पूड डबाबंद माशांवर फार छान लागते. गाढवांनाही आवडली.” आईने हे नागपूरला पत्राने कळवलं. खडे तिने पिठाच्या डब्यात लपवले, मासे आणि गाढवं मात्र चारचौघांत सांगितली. आमच्या घरी बाहेरचा डबा कधी रिकामा परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात. वॉल्टला हे कुणी शिकवलं होतं देव जाणे.

त्या वसंतात मी साडेपंधरा वर्षांची होते आणि माझ्याकडे नवंकोरं लर्नर्स परमिट होतं. महिनाभर आम्हाला जमलं नव्हतं. मध्ये एकदा असा पाऊस झाला होता की वाळवंटाला त्याचं काय करायचं ते न कळून त्याने निम्मे रस्ते वाहून जाऊ दिले. शनिवारी सकाळी केबिनवर पोचलो. झेंडा उतरवलेला, लाकडं फोडलेली, शेल्फवर बीन्सचे डबे रांगेत, निळा डबा जागेवर, चिंधी बांधलेली. आईने गाठ सोडली. आत काही नव्हतं. पुसून लख्ख.

बाबा म्हणाले, मुंग्यांनी खाल्लं असेल.

“अन् मग गाठ बांधली का मुंग्यांनी?” आई म्हणाली.

वहीत फक्त एक शब्द होता: “आभारी. व.” बाबा म्हणाले, कंटाळला असेल बिचारा, माणूस किती दिवस डबे भरत बसेल. आई म्हणाली, गाडी काढा, खिंडीपलीकडे जाऊ. खिंडीचं नाव आम्ही हाडमोड ठेवलं होतं. तिने आम्हाला दोनदा मधूनच परत पाठवलं होतं आणि तेही पावसाने रस्ता नासायच्या आधी. बाबांनी ते सगळं नीट मांडलं. गाडी उलटली तर तिघंही जाऊ, आपण कुठे आहोत हे जगात कुणाला माहीत नाही, आणि सोमवारी भट्टीवर त्यांची ड्यूटी. शेवटी म्हणाले, ज्याला आपण कधी बघितलंही नाही अशा माणसासाठी? एका डब्यावरून?

आई खाटेवर बसली होती, डबा मांडीवर. ती बोलली ती त्यांच्याशी, पण मला वाटतं मीही ऐकावं असं तिला वाटत असणार.

“मी सात-आठ वर्षांची असन. माझी आई दिवाळीले शेजारच्या वाड्यात करंज्या पाठवे. मीच नेऊन देत होती, डबा ओट्यावर ठेवून यायचा. दुसऱ्या दिवशी डबा परत ये. वर आईचीच गाठ. तीन वर्षं पाठवल्या, एकदाही ती गाठ सुटली नाही. मग आईनं पाठवणं सोडलं.” तिने मांडीवरचा डबा सरळ केला. “ह्या माणसानं माझी गाठ सोडली. खाल्लं. दरवेळी भरून पाठवलं. तो रिकामा डबा ठेवणारा माणूस नाही. त्याच्याजवळ ठेवायले काही उरलं नाही, एवढाच ह्याचा अर्थ. तुम्ही सोमवारची ड्यूटी करा. मी पायी जातो.”

बाबा उठले आणि बाहेर जाऊन टायरची आणखी थोडी हवा काढू लागले.

आईने पहाटे वाटेतल्या मुक्कामावर भाजलेले रोडगे डब्यात भरले, त्याच निळ्या डब्यात, आणि वांग्याची भाजी एका भांड्यात घेतली. मग प्रश्न असा आला की गाडी कोण चालवणार. अशा रस्त्यावर एकाने पुढे चालत जाऊन चाक कुठे ठेवायचं ते दाखवावं लागतं आणि दगड वाचणं फक्त बाबांना जमायचं. आईला गाडी येत नव्हती. राहिले मी. परमिटच्या लेखी परीक्षेत मी समांतर पार्किंगच्या प्रश्नांवर नापास होता होता वाचले होते, पण हाडमोडवर समांतर ठेवायला दुसरी गाडीच नव्हती.

त्या आठ मैलांचं मी आजवर लग्नांत, ऑफिसात आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना वर्णन केलं आहे, आणि दरवेळी दरी थोडी खोल होत गेली आहे. सध्याची खोली अशी: डाव्या खिडकीतून मला एका गरुडाची पाठ दिसत होती. त्याने मान वळवून वर बघितलं आणि पुन्हा दुसरीकडे केली, जसं आपण कुणाच्या घरगुती भांडणात करतो. पुढे बाबा उलटे चालत, दोन्ही हातांनी खुणा करत. डावीकडे, आणखी, थांब, एक इंच. शेजारी आई, मांडीवर डबा. एका जागी पाण्याने रस्ता खाल्ला होता. तिथे बाबांनी दगड भरले, फळ्या टाकल्या आणि त्यावरून म्हैस नेताना मागचं एक चाक नक्की हवेत होतं, कारण बाबांनी डोळे मिटून घेतले. मी ओरडले, “बाबा, उघडा डोळे! मी कुठे बघू?” हे मी मराठीत ओरडले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ऐकू आलं.”

ट्रेलर दिसला तेव्हा दुपार झाली होती. दारात एक म्हातारा खुर्चीत बसला होता, वाळवलेल्या शेंगेसारखा. एक पाय पेटीवर, पायाला दोन फळ्या बांधलेल्या, चिंध्या त्याच निळ्या. दोन गाढवं त्याच्या दोन्ही बाजूंना साक्षीदारांसारखी उभी. ट्रेलरचं छप्पर दुरुस्त करताना पडला होता. त्याचा ट्रक पलीकडच्या वाहून गेलेल्या रस्त्यात अर्धा गाडला गेला होता. फावड्याची कुबडी करून तो आठ मैल केबिनपर्यंत चालत गेला होता, डब्यातले आईचे डिंकाचे लाडू घेऊन परत आठ मैल आला होता, गाढवांना पाणी पाजायचं म्हणून. पडल्याला नऊ दिवस झाले होते. मी विचारलं, शेल्फवरचे बीन्स का नाही घेतले? ते अडचणीतल्या माणसासाठी असतात, तो म्हणाला.

पण हे सगळं नंतर. आम्ही उतरलो तेव्हा त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग व्हिनेगरइतका आंबट चेहरा करून उभ्या असलेल्या बाबांकडे.

“तवा कुणी घासला?” तो म्हणाला.

आईने तोंड उघडलं. दोन वर्षं तिने तो गुन्हा अंगावर वागवला होता. पण बाबा एक पाऊल पुढे आले.

“मी.”

“काम काय करता?”

“धातुशास्त्रज्ञ आहे,” बाबा म्हणाले.

वॉल्ट इतका हसला की पाय धरून कळवळला आणि कळवळता कळवळता पुन्हा हसला. एक गाढव घाबरून ट्रेलरमागे गेलं. मग त्याने चार रोडगे खाल्ले, सालीची राख न झटकता. आई म्हणाली, विचार ह्याले, भाजी गरम करू का. तो म्हणाला, थंड असली तरी लवकर द्या.

त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाढवांसाठी कुंपण उघडून ट्रेलरजवळच्या झऱ्याकडे वाट करून दिली. मागच्या सीटवर फळी टाकून त्याची जागा केली. आईने रिकामा डबा उचलला, तसा तो म्हणाला, थांबा. डबा असा नाही जायचा. आम्ही म्हटलं, राहू द्या, आधी पाय. ऐकेना. फावडं बगलेत धरून, एका पायावर उड्या मारत तो झऱ्याच्या नळीपर्यंत गेला, डबा विसळला, काठोकाठ पाण्याने भरला आणि तसाच उड्या मारत परत आणून आईच्या हातात दिला. म्हणाला, सध्या माझ्याकडे हेच आहे.

इथे मी काहीही वाढवून सांगत नाही. आईने डबा दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या प्यायली. बरंच प्यायली. मग बाबांना दिला. बाबा प्यायले, ओठ पुसले, म्हणाले, “लोह जास्त आहे ह्यात,” आणि पुन्हा प्यायले. मग मला. मग वॉल्टने हात पुढे केला, आणि तोही त्याच डब्याला तोंड लावून प्यायला.

परतीची खिंड आम्ही चौघांनी उतरली. वॉल्ट मागून मला गाडी कशी चालवू नये ते सांगत होता आणि दर खड्ड्याला त्या तव्याची आठवण काढत होता. डबा आईच्या मांडीवर, झाकण न लावलेला. हाडं खिळखिळी झाली, बाबांचा चष्मा गेला, म्हशीचा मागचा दिवा दरीत राहिला, पण खाली पोचेपर्यंत त्या डब्यातून पाण्याचा एक थेंब सांडला नाही. ह्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही. आईला विचारा, हवं तर. ती सांगेल, कसं सांडणार? चारातले तीन हिस्से पाणी आम्ही आधीच पिऊन बसलो होतो.